नऊ पायऱ्यांपुरता विमा

नॉर्डाल गावात "कसं काय?" या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. सगळं उत्तम चाललं असेल, बीटाचं पीक भरघोस आलं असेल, लेकीला फार्गोत चांगली नोकरी लागली असेल, तर म्हणायचं, "वाईट नाही." आणि गोठा जळाला असेल, बायको सोडून गेली असेल, डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत दिली असेल, तर म्हणायचं, "चाललंय." याच्या खालचं उत्तर गावाकडे नाही. ज्याला त्याची गरज पडते तो तोवर लूथरन चर्चच्या मागे गवताखाली जाऊन पडलेला असतो, आणि तिथे कुणी विचारपूस करायला जात नाही.

ऑर्विल टॉर्गर्सन हा या शाळेतला पहिल्या नंबरचा विद्यार्थी. घराणंच तसं. त्याच्या बापाची दोन बोटं मका सोलायच्या यंत्रात गेली, तेव्हा बाप ती रुमालात बांधून डॉक्टरकडे गेला, रांगेत बसला, आणि सर्दी झालेल्या एका बाईला म्हणाला, तुम्ही जा आधी, मला घाई नाही. ही गोष्ट टॉर्गर्सनांच्या घरी नाताळच्या जेवणावर सांगत, मुलांना वळण लागावं म्हणून.

ऑर्विलने अडतीस वर्षं गावच्या हॉकीच्या मैदानाचा बर्फ राखला. उणे तीसच्या थंडीत पाण्याचा पाइप घेऊन एकावर एक पातळ थर चढवायचे, आधीचा थर गोठलाय हे आवाजाने ओळखायचं, मगच पुढचा. त्याच्या बर्फावर खेळायला शेजारच्या डकोटा राज्यातून संघ येत. बर्फ कसा झालाय म्हणून कुणी विचारलं तर तो म्हणे, "खेळता येईल." याहून मोठी प्रशंसा त्याने कशाचीच केली नाही. मार्डेलशी लग्न ठरलं तेव्हा आईने मुलगी कशी आहे म्हणून विचारलं होतं. उत्तराचा अंदाज करायला हरकत नाही.

तर असा हा माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जानेवारीत, बर्फावर नव्हे, स्वतःच्या गॅरेजच्या कोरड्या फरशीवर, नाताळच्या दिव्यांचं खोकं फळीवर ठेवताना पडला आणि उजवं खुब्याचं हाड मोडून घेतलं. मार्डेल चर्चच्या तळघरात बटाट्याच्या पोळ्या लाटायला गेली होती. दीड तासाने शेजारचा डेलमार क्वाम शिडी मागायला आला, तेव्हा त्याला ऑर्विल जमिनीवर दिसला. ऑर्विल म्हणाला, शिडी कोपऱ्यात आहे, घेऊन जा. मग वेळ मिळाला तर कुणाला तरी फोन कर.

फार्गोच्या इस्पितळात हाडात खिळे घातले. चौथ्या दिवशी त्याला गावातल्या 'लेकव्ह्यू'मध्ये हलवलं. हे म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह. तळं अकरा मैलांवर आहे. खिडकीतून धान्याची कोठारं दिसतात. लेकव्ह्यूला दोन दालनं. पुढच्या दालनात व्यायाम करून घेतात आणि माणसं घरी जातात. मागच्या दालनातून कुणी घरी जात नाही. तिथला खर्च विमा देत नाही. आधी साठवलेलं संपतं, मग घर विकतात, मग खर्चाला सरकार येतं. ऑर्विलला घरी जायचं होतं, आणि घरी जायचं तर जिना चढायला हवा होता. झोपायची खोली वर, गावातल्या जुन्या घरांसारखा एकुलता एक संडासही वर. मधे तेरा पायऱ्या, मार्डेलच्या वडिलांनी स्वतः ठोकलेल्या, अरुंद, नवव्या पायरीनंतर वळण. जिन्याला बसवायची विजेची खुर्ची त्या वळणात मावत नव्हती, आणि मावली असती तरी विम्यात मावली नसती. ती म्हणे सुखसोय होती.

विम्याचंही सांगून टाकायला हवं. पासष्टीला सरकारचा विमा सगळ्यांना मिळतो. तो ऑर्विललाही मिळाला होता. पण सहा वर्षांपूर्वी एक एजंट आला आणि म्हणाला, तोच विमा आमच्या 'गोल्डन मेडो' कंपनीमार्फत घ्या, वर दातांची सफाई फुकट, चष्मा फुकट, व्यायामशाळेचं सभासदत्व फुकट. माहितीपत्रकावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्रकाठी सायकल चालवत होतं. नॉर्डालपासून सगळ्यात जवळची व्यायामशाळा साठ मैलांवर, आणि समुद्राबद्दल तर बोलायलाच नको. पण एजंट त्यांच्याच चर्चमधला होता. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मार्डेलने त्याला कॉफी दिली, लिंबाच्या वड्या दिल्या आणि सही दिली.

लेकव्ह्यूमध्ये ऑर्विलचा व्यायाम मारिसोल त्रेविन्योकडे होता. तिचे आजी-आजोबा टेक्सासहून बीट खुरपायला आले आणि इथेच राहिले. मारिसोल तीस मैलांवर जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, इथल्याच थंडीत वाढली, तरी नॉर्डाल तिला बाहेरची समजत आलं, कारण भूक लागली की ती 'भूक लागली' म्हणते. ती ऑर्विलच्या कमरेला पट्टा बांधून मागून धरून त्याला चालवायची. लेकव्ह्यूतल्या अकराव्या दिवशी तो वॉकर धरून चाळीस पावलं जात होता आणि व्यायामाच्या खोलीतल्या लाकडी जिन्याच्या दोन पायऱ्या चढत होता. त्यानंतर त्याचा चेहरा ओल्या कागदासारखा व्हायचा. संडासला न्यायला दोन बायका लागत.

त्या अकराव्या दिवशी कंपनीच्या नर्सचा फोन आला. नाव केल्सी, आवाज गोड, बाहेर ऊन असलेल्या खोलीत बसल्यासारखा.

"मिस्टर टॉर्गर्सन, आज कसं वाटतंय?"

"वाईट नाही."

"दुखतंय का फार?"

"छे, सोसण्यासारखं आहे."

"चालता येतंय?"

"थोडंफार."

"घरी जिना आहे ना तुमच्या? जमेल तो?"

"जमवायला हवा."

"आणि मदतीला कोण आहे घरी?"

"मार्डेल आहे की."

"आणखी काही अडचण? काही सांगायचंय मला?"

ऑर्विलला तिची दया आली. पोर बिचारी दिवसभर म्हाताऱ्यांची रडगाणी ऐकत असणार. त्याने सांगितलं की काही अडचण नाही, आणि तिलाच विचारलं, तुमच्याकडे हवा कशी आहे. मार्डेल बाजूला विणत बसली होती. नवरा परक्या माणसाशी किती छान बोलतो, या समाधानात तिने एक ओळ जास्तच विणली.

मंगळवारी सकाळी कागद आला. त्याच्या प्रकृतीतली समाधानकारक प्रगती पाहून कंपनीला आनंद झाला होता. आनंदाच्या भरात कंपनीने गुरुवार दुपारपासून लेकव्ह्यूचा खर्च थांबवला होता. दाद मागायची असल्यास बुधवारी बारापर्यंत मागावी.

मार्डेलने कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. कंपनीची काहीतरी कारणं असतील, ती म्हणाली, एवढी मोठी कंपनी, उगाच कशाला करतील. मारिसोलने तिच्या पर्समधून कागद काढून घेतला, फोनवर अर्धा तास वाद घातला, आणि नर्सने केलेली नोंद मागवून दोघांपुढे धरली. रुग्ण प्रसन्नचित्त. वेदना किरकोळ. जिना चढण्याबाबत आत्मविश्वास. घरी सक्षम सोबत. रुग्णाची कोणतीही तक्रार नाही.

"यात खोटं काय आहे?" ऑर्विलने विचारलं.

मारिसोल खुर्चीवर बसली. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, लहान मुलांच्या वर्गावर पहिल्यांदाच पाठवलेल्या मास्तरणीसारखं. मग तिने समजावलं. तिकडे एक यंत्र आहे. त्यात वय घालतात, हाड घालतात आणि हे असले शब्द घालतात, मग यंत्र सांगतं की हा माणूस किती दिवसांत बरा व्हायला हवा. त्या दिवशी तो बरा झाला नाही तर ती त्याची चूक. आता दाद मागितली की कंपनीशी संबंध नसलेला एक तपासणीचा डॉक्टर कागद बघणार आणि रुग्णाशी फोनवर बोलणार. त्या फोनवर खरं सांगायचं. दुखतं तर दुखतं म्हणायचं. पडायला होतं तर पडायला होतं म्हणायचं. जमत नाही तर जमत नाही.

मार्डेलने विचारलं, की अर्जासोबत आधीच्या बारा दिवसांबद्दल आभाराची चिठ्ठी जोडली तर चालेल का. मारिसोलने अर्ज भरायला घेतला.

बुधवारी सकाळी अर्ज गेला, आणि फोन दुपारी दोनला येणार होता, म्हणून दहा वाजता तालीम ठेवली. डॉक्टरचं काम डेलमार क्वामला दिलं. डेलमार गावचा निवृत्त पोस्टमास्तर, नॉर्डालमधला सगळ्यात असंतुष्ट माणूस म्हणून प्रसिद्ध. त्याने एकदा रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. पाठवलं मात्र नव्हतं. तो घसा खाकरून म्हणाला, "मिस्टर टॉर्गर्सन, कसं काय?"

"वाईट नाही. तुझं?"

"चाललंय."

दोघे समाधानाने खिडकीबाहेर कोठारांकडे बघू लागले. मारिसोलने कपाळ भिंतीला टेकवलं.

दुसऱ्या फेरीत तिने एकच शब्द घेतला. ऑर्विल म्हणाला, दुखतंय थोडं. ती म्हणाली, थोडं काढा. ऑर्विल म्हणाला, "दुखतंय," आणि लगेच दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही. मग घाईघाईने पुस्ती जोडली की पलीकडच्या खोलीतल्या लॉइडला जास्त दुखतं. तिसऱ्या फेरीला त्याच्या कपाळावर घाम आला. चाळीस पावलांनी आला नव्हता एवढा. मार्डेल मात्र तयारीत होती. तिने घरून पेन्सिलने यादीच करून आणली होती, ऑर्विलला काय काय जमत नाही त्याची, आणि जिथे तो अडखळेल तिथे कोपराने ढोसायचं ठरलं होतं.

दोन वाजता फोन वाजला. मारिसोलने तो मोठ्या आवाजावर लावून टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाई होत्या. आवाजात घाई नव्हती, गोडवाही नव्हता.

"कसे आहात, मिस्टर टॉर्गर्सन?"

"वाईट नाही," ऑर्विल म्हणाला. मार्डेलने डोळे मिटले.

बाईंनी दुखण्याचं विचारलं. सोसण्यासारखं होतं. चालण्याचं विचारलं. थोडंफार होतं. मार्डेलच्या कोपराने ऑर्विलच्या बरगडीचा एव्हाना भुगा केला असेल, पण त्याच्या तोंडून तेच दोन-तीन शब्द येत होते. चौऱ्याहत्तर वर्षं दारात पडून बर्फासारखे टणक झालेले शब्द. एका दुपारीत ते कसे वितळणार? शेवटी बाई म्हणाल्या, की घरी मदतीला बायको आहे असं लिहिलंय; त्या आहेत का तिथे?

"आहे," मार्डेल म्हणाली.

"तुम्हाला यांना उठवता-बसवता येईल? जिन्यावर मागून धरता येईल?"

आणि मार्डेल, जिने पेन्सिलने यादी केली होती, जी मारिसोलच्या शेजारी बसून सकाळपासून नवऱ्याला खरं बोलायला शिकवत होती, ती सरळ बसून म्हणाली, "हो, जमेल की. मी ठणठणीत आहे."

ऑर्विलने मान वळवली.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला.

"ऑर्विल."

"डॉक्टर, तिच्या कमरेचे दोन मणके बसलेत. सप्टेंबरपासून ती दुधाचा मोठा कॅन उचलत नाही, डेलमारला उचलायला लावते आणि मला सांगते की त्याला आवडतं. भांडी घासताना पोट सिंकला टेकवून उभी राहते. आरामखुर्चीत झोपते. माझं खुब्याचं हाड मोडलंय, डोळे नाही मोडले."

मार्डेलच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. तिने यादी टेबलावर उपडी ठेवली.

"मग मीही सांगते. हा रविवारी पडला. सगळे प्रार्थनेला हॉलमध्ये होते तेव्हा हा एकटाच संडासला निघाला, दोन बायकांना हाक मारायची लाज वाटते म्हणून. दाराच्या दांडीला लोंबकळत होता वीस मिनिटं. मी आले तर म्हणतो, जरा टेकलोय. पँट ओली. ती मी पिशवीत घालून घरी नेली आणि कुणाला बोलले नाही."

"सांगणार नाही म्हणाली होतीस."

"आणि माझ्या कमरेचं तुला माहीत नाही असं तू म्हणाला होतास."

"असं मी कधीच म्हणालो नाही. तू विचारलंच नाहीस."

पुढचा पाव तास दोघांनी एकमेकांच्या चहाड्या केल्या. स्वतःविषयी दोघांनाही अक्षर बोलता येत नव्हतं. दुसऱ्याविषयी मात्र बेचाळीस वर्षांचा अभ्यास होता. ती म्हणाली, तो उशीत तोंड खुपसून कण्हतो. तो म्हणाला, ती गोळ्या अर्ध्या करून खाते, पुरवून. ती म्हणाली, जिन्याचं स्वप्न पडून तो घाबरतो. तो म्हणाला, ती भांड्यांच्या कपाटापाशी उभी राहून रडते आणि तिला वाटतं की त्याला ऐकू येत नाही. फोनमधून फक्त टाइप केल्याचा आवाज येत होता. मारिसोलने रविवारचं पडणं लिहून घेतलं; तिलाही ते आत्ताच कळत होतं. डेलमार केव्हाच बाहेर जाऊन नोटीस बोर्डावरचं पुढच्या आठवड्याच्या जेवणाचं वेळापत्रक पाठ करत होता. शेजाऱ्यांच्या घरातलं असलं काही ऐकणं म्हणजे त्यांना उणे तीसमध्ये उघडं बघणं.

गुरुवारी दहाला निकाल आला. खर्च चालू ठेवावा.

गावाला आनंद झाला. लोक म्हणाले, "बरं झालं." ऑर्विल आणि मार्डेल शनिवारपर्यंत फक्त हवामानावर बोलले. त्या दोन दिवसांत हवामान मुळीच बदललं नाही, त्यामुळे बोलायला फार काही नव्हतं. शनिवारी तिने घरून खिमा-बटाट्याचं हॉटडिश आणलं. तो म्हणाला, मीठ बरोबर झालंय. तिने त्याच्या हाताखाली उशी सरकवली आणि स्वतः, न सांगता, पाठीला उशी घेऊन बसली. ही पाठीची उशी लेकव्ह्यूची होती. त्याने सकाळीच नर्सकडून मागून घेऊन तिच्यासाठी लपवून ठेवली होती.

मग खरा व्यायाम सुरू झाला. चार पायऱ्यांचा लाकडी जिना संपला, तेव्हा मारिसोल त्याला इमारतीच्या मागच्या, आगीच्या वेळी उतरायच्या जिन्यावर नेऊ लागली. तिथे कठडा लोखंडी आणि गारठलेला. पाच पायऱ्या. मग सहा. एक दिवस पुन्हा चार. मग सात.

आणि इथे कंपनीच्या तत्त्वज्ञानाची खोली ऑर्विलला कळली. पायऱ्या वाढल्या नाहीत, तर उपचारांचा उपयोग होत नाही, म्हणून ते बंद. पायऱ्या वाढल्या, तर उपचारांची गरज उरली नाही, म्हणून बंद. बरं होत राहायचं पण व्हायचं नाही, एवढीच काय ती जागा माणसाला उभं राहायला होती, स्केटच्या पात्याएवढी. तिच्यावर एक म्हातारा, खिळे ठोकलेला, वॉकरसकट.

चोविसाव्या दिवशी तो नऊ पायऱ्या चढला. नवव्या पायरीवर उजवा पाय थरथरला आणि कठड्याला धरून तो खाली आला, पण नऊ झाल्या. मारिसोल वही घेऊन बसली आणि तिने पेन थांबवलं. आज रोजच्या अहवालात सात लिहिलं तर आणखी एक आठवडा निघेल, ती हळूच म्हणाली. सातही चढलातच ना तुम्ही. ते काही खोटं नाही.

"नऊ चढलो," ऑर्विल म्हणाला. "नऊ लिही."

"अहो, चार पायऱ्या उरल्यात. आणि वळण आहे तिथे."

"ठाऊक आहे मला. माझ्याच घरातलं आहे."

"मग?"

त्याने वहीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, की आयुष्यात त्याने बर्फ दोन इंच असताना चार सांगितला नाही आणि चार असताना दोन सांगितला नाही. मारिसोल म्हणाली, की बर्फाला विमा कंपनी नसते. तिने नऊ लिहिलं, पेन मोडेल इतकं दाबून. खरं तर त्याला अभिमान वाटत होता, आणि तो लपवता येत नव्हता. त्या दुपारी त्याने डेलमारला आपणहून सांगितलं, आज नऊ झाल्या. नॉर्डालमध्ये याला बढाई म्हणतात.

सव्विसाव्या दिवशी कागद आला. नऊ पायऱ्यांचा उल्लेख पहिल्याच ओळीत होता. कंपनीला पुन्हा आनंद झाला होता.

पुन्हा अर्ज, पुन्हा फोन. या वेळी दोघे तयार होते. उशीत कण्हणं, मणके, गोळ्या, सगळं शिळं गरम करून पुन्हा वाढायला तयार. पण या खेपेचा तपासनीस पुरुष होता, घाईत होता, आणि त्याने एकमेकांच्या चहाड्यांना वावच दिला नाही. कागद समोर आहे, तो म्हणाला. आठवडाभरापूर्वी चार, आता नऊ. उरलेल्या चार घरच्या घरी सरावाने जमतील. ऑर्विलने सांगितलं की जमणार नाहीत. स्पष्ट, एका दमात, कुणी न ढोसता: दुखतंय, पाय धरत नाही, वळणावर कठडा नाही, मी पडेन आणि तिच्या अंगावर पडेन. डॉक्टरने ते लिहून घेतलं. निकालात एक वाक्य होतं: रुग्णाला स्वतःच्या मर्यादांची उत्तम जाण असून तो त्या सुस्पष्ट मांडू शकतो; सबब घरी सुरक्षित राहू शकेल.

सात मिनिटांत संपलं. वरती दाद मागता आली असती. तिचा निकाल उन्हाळ्यात लागला असता, आणि तोवरचा प्रत्येक दिवस स्वतःच्या खिशातून. मागच्या दालनाच्या बाईंनी येऊन, अगदी प्रेमाने, तिथे एक खोली रिकामी असल्याचं सांगितलं. ऑर्विल म्हणाला, घरी.

शनिवारी डेलमारने त्याला गाडीतून आणून खालच्या खोलीत कोचावर बसवलं. मारिसोलने बजावलं होतं, चारला कामावरून सुटले की मी येते, लेकव्ह्यूला कळता कामा नये, तोवर खाली बसून राहायचं. तिने लघवीसाठी एक डबाही दिला होता, गरज पडली तर म्हणून. ऑर्विल त्या डब्याकडे सव्वा तास बघत बसला. दीड वाजता तो उठला.

"डेलमारला बोलावू?" मार्डेलने विचारलं.

"जेवत असेल तो."

वॉकर खालीच राहिला. डावा हात कठड्यावर, उजवा भिंतीवर, मार्डेल दोन पायऱ्या मागे. एक. दोन. कंपनीचा पैसा बोलत होता. पाचवीपर्यंत पाय अगदी कवायतीसारखे पडले. सातव्या पायरीवर तो थांबला. नवव्यावर उजवा पाय थरथरू लागला, आणि तिथे, विम्यात जेवढं होतं तेवढं संपलं. पुढे वळण आणि नुसती भिंत. त्याने वर पाहिलं नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून तो हळूहळू वळला, आणि दहाव्या पायरीवर बसला, खाली तोंड करून.

आता मार्डेल त्याच्या समोर होती. हात पसरून उभी, एकाहत्तर वर्षांची, बसलेल्या मणक्यांची.

"बाजूला हो," तो म्हणाला.

"नाही होत."

"पडलो तर तुझा चुरा होईल."

"मग अँब्युलन्सवाल्यांना म्हणावं, दोघांना एकदमच न्या. एका फेरीत काम होईल त्यांचं."

हात मागे टेकून, डाव्या पायाने रेटा देऊन, त्याने ढुंगण अकराव्या पायरीवर चढवलं. मग बसून राहिला. दुखतंय, तो म्हणाला. माझीपण कंबर, ती म्हणाली. मग बारावी. मग तेरावी, त्या पायरीला फार वेळ लागला, आणि तो पाठीवर कलंडून वरच्या जमिनीवर आला, बाळ पलंगावर चढतं तसा. मार्डेल हातापायांवर रांगत मागोमाग आली आणि त्याच्या शेजारी बसली. संडासचं दार चार हातांवर होतं.

तेवढ्यात दोघांच्या एकदमच लक्षात आलं की त्याला जमिनीवरून उठता येत नाही. तेवढा भाग कुठल्याही जिन्यावर शिकवलेला नव्हता. मार्डेलने त्याच्या बगलेत हात घालून एकदा ओढून पाहिलं आणि पांढरी पडून मागे टेकली.

"डेलमारला फोन कर," ऑर्विल म्हणाला.

"फोन खाली आहे."

 जिना तेरा पायऱ्यांचा होता आणि उतरायचा कसा हे कुणी विचारलंच नव्हतं. ना नर्सने, ना डॉक्टरांनी, ना यंत्राने. मग मार्डेल भिंतीला धरून उठली, खिडकीपाशी गेली, आणि हिवाळ्यासाठी चिकटवलेली पट्टी नखाने सोलून तिने काच वर ढकलली. थंडी आत आली. रस्त्यापलीकडे डेलमारच्या स्वयंपाकघरात दिवा होता. मार्डेल टॉर्गर्सनने जन्मात कधी रस्त्यावर ऐकू जाईल असा आवाज केला नव्हता. पहिली हाक तर खिडकीच्या चौकटीतच विरली.

"डेलमार," ती पुन्हा म्हणाली, "ये रे. आम्हाला जमत नाहीये."

"अजून जोरात," ऑर्विल जमिनीवरून म्हणाला.